पानातली पोळी आणि सीलिअॅकचं पथ्य

सीलिअॅक झालेल्या मुलाला रोज द्यायची गोळी नसते. गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक धान्य) यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की लहान आतड्याचं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, पोट तेवढं फुगतं आणि उंची खुंटते. इलाज एकच, तोही जन्मभराचा: पथ्य.

१८८८ मध्ये लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनी लिहून ठेवलं होतं की हे मूल बरं होणार असेल तर आहारानेच. पण कोणत्या? १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सांगितला. मुलं सुधारली आणि श्रेय केळ्यांना गेलं. त्याच आहारात पाव-बिस्किटं बंद होती, तिकडे लक्ष कोणाचं? बरं झालं म्हणून पुन्हा गहू सुरू केलेल्यांचं दुखणं नंतर परत डोकं वर काढायचं.

गव्हावर बोट ठेवलं ते हेगच्या बालरुग्णालयातल्या विलेम डिके यांनी. त्यांचा संशय १९३० च्या दशकातला; पाव बंद केला की मुलाच्या अंगावरचं पुरळ जातं, असं एका आईने त्यांना सांगितल्याची नोंद आहे. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या दुष्काळात नेदरलँड्समध्ये पाव मिळेना, तेव्हा ही मुलं उलट सुधारली. १९५० मध्ये डिके यांनी प्रबंध मांडला. दोन वर्षांत दोष ग्लूटेनचा हेही ठरलं. आईचं ऐकून घेणारा डॉक्टर भेटला, हा माझ्या मते या इतिहासातला कळीचा भाग.

आपल्याकडे हा आजार गहू खाणाऱ्या उत्तरेत जास्त आढळतो. मराठी घराला ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आहेत, म्हणजे निम्मं काम सोपं. उरलेलं निम्मं आईबापांचा जीव खातं. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा, तो नाकारला की आजी हिरमुसते, "एवढ्याशाने काय होतंय?" म्हणते. पाकिटावर 'ग्लूटेनमुक्त' लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, यावरून 'एवढंसं' म्हणजे किती ते कळावं. धाकट्या भावंडासाठी पोळ्या लाटायच्या तर पोळपाट-लाटणं वेगळं लागतं. आणि ज्वारी गिरणीत न्यायची तर आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात उरलेला असतो, म्हणून बरीच घरं शेवटी घरघंटीच घेतात.