लेझर अलाइनमेंटला बोलावण्याआधी मोटरचे पाय तपासा

"दर वेळी रीडिंग वेगळं येतंय, तुमचं लेझर बरोबर आहे ना?" बेळगावच्या उद्यमबागेपासून संकेश्वर-निपाणीपर्यंत हा प्रश्न ऐकू येतो. लेझर अलाइनमेंट म्हणजे मोटर आणि ती चालवते त्या यंत्राचे शाफ्ट लेझरने मोजून एका रेषेत आणणं. लेझर बरोबर असतं. बहुतेक वेळा मोटरचा एक पाय बेसवर टेकलेला नसतो.

कपलिंगच्या (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाच्या) दोन्ही बाजूंच्या शाफ्टवर आम्ही एकेक लेझर युनिट बसवतो. शाफ्ट फिरवताना समोरच्या डिटेक्टरवर किरण किती सरकतो, त्यावरून दोन्ही मध्यरेषांतला फरक आणि तिरकेपणा शंभरांश मिलिमीटरपर्यंत कळतो. पाय अधांतरी असला की बोल्ट आवळताच मोटरची बॉडी पिळते, शाफ्ट सरकतो आणि आधीचं रीडिंग वाया जातं. यात दोन-तीन तास सहज जातात आणि ते बिलात येतात. म्हणूनच पाय तपासल्याशिवाय आम्ही लेझर लावत नाही. याला वेळकाढूपणा समजू नये.

आम्ही येण्याआधी फिटरकडून पायाखालचा रंग, गंज आणि बर (धातूची खरखरीत कड) काढून घ्या. जुन्या शिमा (पायाखाली घालायच्या धातूच्या पातळ पट्ट्या) सगळ्या काढा. सात-आठ पातळ शिमांची गड्डी स्प्रिंगसारखी दबते. एका पायाखाली तीनपेक्षा जास्त नकोत, आणि डब्याचा पत्रा तर नकोच. मग चारही बोल्ट आवळा, पायावर डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावा आणि एका वेळी एकच बोल्ट सैल करा. पाय 0.05 मि.मी.पेक्षा जास्त उठला, तर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) चारही कोपरे मोजा. फट सगळीकडे सारखी असेल तर तेवढी शिम घाला. एकाच कडेला असेल तर पाय तिरका आहे. तिथे पूर्ण शिम घातली की पाय पुन्हा वाकतो. पायऱ्यांची (एका कडेला टप्प्याटप्प्याने जाड होणारी) शिम किंवा मशिनिंग हाच उपाय. बोल्ट परत आवळूनच पुढच्या पायाकडे जा.

"आमच्या डायलवर 0.20, तुमच्याकडे 0.10 कसं?" कपलिंगच्या परिघावर लावलेला डायल पूर्ण फेरीत दुप्पट फरक दाखवतो. दोन्ही आकडे खरेच.

गरम पाण्याचा पंप असेल तर चालू असतानाचं तापमान नक्की सांगा. तळापासून शाफ्टपर्यंत 300 मि.मी. उंचीचा पंप 40 अंशांनी तापला की शाफ्ट सुमारे 0.14 मि.मी. वर येतो. तेवढं अंतर धरून आम्ही मोटर थंडपणी मुद्दाम उंच ठेवतो. 1500 आरपीएमला फरक 0.05 मि.मी.च्या आत आणून आधीचा-नंतरचा छापील रिपोर्ट देतो.

फोन करताना एचपी, आरपीएम आणि शाफ्टचा व्यास कळवा, म्हणजे युनिट शाफ्टला बांधायची योग्य मापाची साखळी सोबत आणता येते. स्टेनलेसच्या कापीव शिमांचे संच आमच्याकडे मिळतात. साखर कारखान्यांनी गळीत सुरू होण्याच्या महिनाभर आधी तारीख घ्यावी.