पुयो पुयो: जपानबाहेर उशिरा पोचलेला एक नियम

हिरोशिमाच्या कंपाइल कंपनीने १९९१ मध्ये पुयो पुयो हा व्हिडिओ गेम काढला, पण तो खरा पेटला पुढच्या वर्षी, सेगा कंपनीसोबत आर्केड व्हर्जन (नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचं) आलं तेव्हा. बोर्ड रुंदीला ६ घरं, उंचीला १२, वरून रंगीत गोळ्यांची जोडी पडते, एका रंगाचे ४ एकमेकांना चिकटले की गायब, मग त्यांच्यावरचे खाली घसरतात आणि त्यातून परत ४ जुळले की तेही गायब. हीच चेन, आणि चेन लागली की समोरच्याच्या बोर्डवर कचऱ्याचे गोळे कोसळतात.

यातलं गणित मला जाम आवडतं. प्रत्येक टप्प्यात फक्त ४ गोळे गेले असं धरा, तर पॉइंट मिळतात ४०, मग ३२०, ६४०, १२८०, २५६०, आणि दर ७० पॉइंटला कचऱ्याचा एक गोळा. म्हणजे ४ टप्प्यांची चेन ३२ गोळे टाकते आणि ५ ची थेट ६९, आता दिसणारा अख्खा बोर्डच ७२ घरांचा आहे म्हटल्यावर समोरचा संपलाच! म्हणून कोणी चिल्लर गोळे फोडत बसत नाही, सगळे रचत राहतात.

पण पहिल्या गेममध्ये या हल्ल्याला उत्तरच नव्हतं, ज्याची मोठी चेन आधी लागली तो जिंकला. १९९४ च्या पुयो पुयो त्सूने हे बदललं, येणारा कचरा पडायच्या आत तुम्ही स्वतःची चेन लावली तर तो तेवढा कापला जातो आणि उरलेली ताकद उलटी समोरच्यावर जाते. माझ्या मते खरा गेम इथे जन्मला, कारण आता ५ वर थांबून भागत नाही, १०-१२ च्या चेन रचाव्या लागतात आणि एक डोळा सतत समोरच्या बोर्डवर ठेवावा लागतो. वरची लपलेली ओळ धरून ७८ घरं होतात, त्यामुळे १९ च्या पुढे चेन जाऊच शकत नाही.

वाईट याचं वाटतं की अमेरिका-युरोपात गेला तो जुना गेम, तोही वेष बदलून. सेगाने १९९३ मध्ये त्यात आपल्या सॉनिक गेममधला खलनायक डॉ. रोबोटनिक घातला, आणि १९९५ ला निनटेंडोच्या मशीनवर तोच गेम निनटेंडोचं पात्र कर्बी घेऊन आला, तेही त्सू येऊन गेल्यावर, तरी कचरा कापायचा नियम त्यात नाही. पुयो पुयो टेट्रिस जपानमध्ये २०१४ ला आला, बाहेर २०१७ ला. २०१९ मध्ये पुयो पुयो चॅम्पियन्स जगभर निघाला, त्यात मात्र त्सूचे नियम जसेच्या तसे आहेत, ऑनलाइन मॅचसकट.