हेडरूम किती ठेवायची, हे कोणी ठरवलं?

कॅमेऱ्याच्या वर्गात लाँग, मिड, क्लोज उरकलं की गाडी हेडरूमवर येते. डोक्यावर एवढी जागा सोड, बघतोय त्या बाजूला जास्त सोड. सांगणारा असं सांगतो की जणू हे पहिल्यापासून ठरलेलंच होतं. खरं तर ती जागा पडद्याच्या आकारानं ठरवली आणि तो आकार ठरवताना कॅमेरामनला क्वचितच कोणी विचारलं.

मूकपटाची चौकट 1.33 होती, म्हणजे उंचीच्या 1.33 पट रुंद. फिल्मवर आवाजाची पट्टी आल्यावर 1932 साली अमेरिकेत ती 1.37 झाली.

खरा घोळ 1953 चा. टीव्हीमुळे प्रेक्षक घटले, म्हणून पडदा रुंद करायचं ठरलं. एक उपाय स्कोप, म्हणजे सिनेमास्कोप: फिल्मवर आडवं दाबलेलं चित्र पडद्यावर रुंद पसरायचं. त्याला वेगळी लेन्स लागे, आणि सुरुवातीच्या लेन्सवर क्लोजअपमधला चेहरा गालगुंड झाल्यासारखा फुगायचा. स्वस्त उपाय म्हणजे प्रोजेक्टरमध्ये मास्क लावून नेहमीच्याच चित्राचं वर-खाली छाटायचं आणि उरलेलं मोठं करून दाखवायचं. कुठे 1.66, कुठे 1.75, कुठे 1.85. म्हणजे रुंदी मिळाली नव्हतीच, उंची गेली होती! 1.37 चं 1.85 केलं की उंचीचा चौथा हिस्सा जातो. 1.37 धरून आधीच शूट झालेले चित्रपटही असेच दाखवले गेले आणि नीट बसवलेली डोकी कापली गेली. मग कॅमेरामननी व्ह्यूफाइंडरच्या काचेवर एकात एक चौकटी आखून घेतल्या: माणूस आतल्या चौकटीत बसवायचा, माइक बाहेरच्या चौकटीतही येऊ द्यायचा नाही. ज्यांनी हे पाळलं नाही, त्यांचे माइक पुढे टीव्हीवर पूर्ण चौकट दाखवल्यावर लोंबकळताना दिसले.

हिंदीत स्कोप 1959 साली आला. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या जुन्या स्टुडिओत 1960 साली चित्रपटाची प्रशिक्षण संस्था उभी राहिली, तोवर ही उलथापालथ होऊन गेली होती.

आताच्या टीव्हीचा 16:9 हा आकार 1980 च्या दशकातला, 1.33 आणि स्कोप यांच्यामधली तडजोड म्हणून निवडलेला. आता त्यातूनच मोबाइलसाठी उभी 9:16 चौकट काढायची, म्हणून विद्यार्थ्यांना "मधला भाग सांभाळ" असं सांगतात. ही उभी पट्टी मूळ रुंदीच्या जेमतेम 32 टक्के, म्हणजे एक तृतीयांशाहूनही किंचित कमी. त्याच वर्गात शिकवलेल्या तृतीयांशाच्या रेषा, म्हणजे चौकटीचे तीन सारखे उभे भाग करणाऱ्या रेषा, नेमक्या तिच्या बाहेर पडतात. नियमाप्रमाणे रेषेवर उभा केलेला माणूस त्यामुळे मोबाइलवर अर्धाच उरतो.