परतीचे भाडे

परतीचे भाडे : माल उतरवून मूळ गावाकडे निघालेल्या मालट्रकला तिकडून मिळणारा माल आणि त्याचे भाडे. ट्रकवाल्यांच्या बोलीत ‘रिटर्न’. बाहेरच्याला वाटते की भाडे किलोमीटरवर ठरते. प्रत्यक्षात पलीकडे काय भरायला मिळणार यावर ते ठरते. पुण्याहून गोव्याला जाणारी गाडी तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या औद्योगिक गावापेक्षा चढे भाडे मागते, कारण गोव्यात उतरणारा माल भरपूर आणि चढणारा थोडा. कोकणातही तेच. एप्रिल-मेमधला आंबा आणि घाटावर येणारा जांभा चिरा सोडला, तर बहुतेक गाड्या रिकाम्याच घाट चढतात.

मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 67 नुसार राज्य सरकार मालभाड्याची कमाल-किमान मर्यादा ठरवू शकते. पण रोजचा दर बाजारच ठरवतो. चाकणहून बंगळूरला गेलेली दहाचाकी गाडी घ्या. अंतर सुमारे 840 किमी. भरलेली गाडी लिटरला 4 किमी धरली तर 210 लिटर डिझेल लागते, रिकामी परतताना 5 किमी धरले तर 168 लिटर. लिटरला 90 रुपये धरून फरक येतो 3,780 रुपये. टोल दोन्ही वेळा भरावाच लागतो, गाडी घरी यायचीच असते. म्हणून या रकमेवर हमाली आणि दलाली सुटली की मालक परतीला जवळपास कोणतेही भाडे घेतो. जाताना ज्या दराला तो हातही लावणार नाही, तो दर येताना मुकाट्याने पत्करतो. उलट बाजूला कर्जाचा हप्ता, विमा, चालकाचा पगार मिळून उभ्या गाडीचे दिवसाला 4,000 रुपये जातात असे समजा. दोन दिवस थांबून 5,000 रुपये जास्त मिळाले, तरी मालक 3,000 रुपयांनी खालीच राहतो. अनुभवी मालक म्हणूनच दरापेक्षा आधी ‘गाडी कधी भरणार’ हे विचारतो.

परगावी मालकाची ओळख नसते, तिथे दलाल लागतो. जुना मराठी शब्द हुंडेकरी. कळंबोली, निगडीची ट्रान्सपोर्टनगरी, नाशिकचे आडगाव, नागपूरचे वाडी अशा ठिकाणी दलालांच्या पेढ्या आहेत. सौदा फोनवर होतो. गाडी भरली की भाड्याचा मोठा हिस्सा अ‍ॅडव्हान्स म्हणून मिळतो आणि उरलेला ‘बॅलन्स’ पोच (माल मिळाल्याच्या सही-शिक्क्याचा कागद) परत आल्यावर. दलाली, भराई-उतराईची हमाली आणि गाडी अडकून पडल्यास द्यायचे हॉल्टिंग कोणी सोसायचे, हे सौद्याच्या वेळीच बोलून घ्यावे लागते. ‘नंतर बघू’ म्हटलेले पैसे चालकाच्या खिशातून जातात.

आता बराच सौदा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि अ‍ॅपवर होतो. त्याची एक खोड आहे. एकच लोड तीन-चार दलाल आपापल्या ग्रुपवर टाकतात. मालकाला वाटते माल मुबलक आहे, तो भाव ताणून धरतो आणि संध्याकाळी कळते की लोड एकच होता. शिवाय साखळीतला प्रत्येक दलाल आपला वाटा काढत असल्याने कारखान्याने दिलेले भाडे आणि मालकाच्या हाती पडलेले भाडे यांत मोठी तफावत राहते.

दुसऱ्या राज्यांतला माल भरायला नॅशनल परमिट लागते. साधी गाडी 12 वर्षांची आणि मल्टिअ‍ॅक्सल (दोनहून जास्त अ‍ॅक्सलची, म्हणजे चाकांच्या आसांची) 15 वर्षांची झाली की ते मिळत नाही. अशा गाड्या राज्यातच फिरतात. जुलै 2018 मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलवरील भार वाढवला आणि तीन अ‍ॅक्सलच्या दहाचाकीचे एकूण वजन 25 वरून 28.5 टन झाले. एकही नवी गाडी न येता रस्त्यावरची क्षमता वाढली, तेव्हा भाड्यावर दाब येणारच होता. स्वस्त रिटर्न भरून काढायला जादा माल चढवण्याचा मोह मात्र महाग पडतो. कलम 194 नुसार दंड 20,000 रुपये, वर दर जादा टनाला 2,000, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. एकूण वजन बसले तरी माल मागे दाबून भरला तर एका अ‍ॅक्सलवरचा भार मर्यादेपुढे जातो. म्हणून पोलादाची कॉइल कुठे ठेवायची हे चालक स्वतः उभे राहून सांगतो.

कागदांत सर्वाधिक घोळ ई-वे बिलात, म्हणजे जीएसटीखाली माल नेण्यासाठी काढायच्या ऑनलाइन कागदात होतो. आंतरराज्य वाहतुकीत 50,000 रुपयांवरील मालाला ते लागते आणि अवाढव्य आकाराचा माल नसेल तर दर 200 किमी किंवा त्याच्या भागामागे एक दिवस मिळतो. म्हणजे बंगळूर-चाकणला पाच. ठरलेली गाडी आली नाही म्हणून दलाल ऐनवेळी दुसरी लावतो, पण बिलाच्या भाग ‘ब’मध्ये, जिथे गाडीचा नंबर लिहितात, जुनाच नंबर राहतो. तपासणीत गाडी अडते आणि उभ्या गाडीचा हिशेब वर दिलाच आहे. वाटेत गाडी बंद पडून मुदत संपत आली, तर संपण्याआधी किंवा नंतर 8 तासांच्या आत ती वाढवून घेता येते.

2007 च्या रस्ते मालवहन कायद्यात ‘कॉमन कॅरिअर’च्या (भाडे घेऊन कोणाचाही माल नेणाऱ्याच्या) व्याख्येत दलालही येतो आणि त्याला नोंदणी लागते. मालाची जास्त किंमत लेखी जाहीर केली नसेल, तर नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. परतीचे भाडे मुळात पडलेले, त्यामुळे ही दहापटही तोकडी. दावा करायचा तर बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते.

अनोळखी गाडी भरताना पेढीवाले आरसीचा (गाडीच्या नोंदणी-पुस्तकाचा) नंबर परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर तपासतात, चेसिसवरचा (गाडीच्या सांगाड्यावरचा) आकडा त्याच्याशी ताडतात आणि मालकाला चालकाने दिलेल्या नंबरवर नव्हे, तर स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करतात. बनावट नंबरपाटीची गाडी माल घेऊन गेली तर सापडत नाही. चालकाच्या बाजूने जोखीम असते ती पोचेची. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक-पावतीवर सही-शिक्का नसेल किंवा ‘दोन पोती ओली’ असा शेरा असेल, तर बॅलन्स महिनोन्महिने अडकतो. त्यामुळे उतरवणी होताच फाटकातूनच पोचेचा फोटो दलालाला जातो आणि मूळ कागद कुरियरने.