कुंडीतील झाडे (खानदेश)

गच्ची, ओटा, गॅलरी किंवा अंगणात कुंडीत लावून वाढवलेली फुलझाडे, भाज्या, तुळस आणि शोभेची झाडे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत कुंडीतल्या झाडाची खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जमिनीतल्या झाडाची मुळे खोल जाऊन ओल शोधतात. कुंडीतली मुळे मात्र कुंडीच्याच तापलेल्या भिंतीला चिकटून असतात. त्यामुळे इथे माती, कुंडी आणि पाणी या तिन्ही गोष्टी आधी मुळांचा विचार करून ठरवाव्या लागतात.

माती

शेतातली काळी कसदार माती जशीच्या तशी कुंडीत भरणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. ही माती कापसाला मानवते, कारण शेतात तिला फुगायला आणि आकसायला जागा असते. कुंडीत ती भिजली की फुगून घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटते. मग ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. तळाच्या भोकातून पाणी आलेले दिसते, माणसाला वाटते झाड पोटभर प्याले. मधला मातीचा गोळा मात्र कोरडा ठणठणीत असतो. असे झाल्यास फट काडीने मोडून मातीने बुजवावी आणि कुंडी पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, ठेवावी.

चालणारे मिश्रण असे: एक पाटी काळी माती, एक पाटी धुतलेली जाड वाळू आणि एक पाटी पूर्ण कुजलेले शेणखत. तापी, गिरणा किंवा पांझरा नदीकाठचा पोयटा (बारीक गाळाची माती) मिळत असेल तर दोन पाट्या पोयटा, एक पाटी खत आणि अर्धी पाटी वाळू पुरते. बारा इंची कुंडीत १२ ते १४ लिटर मिश्रण मावते. त्यात मूठभर निंबोळी पेंड घालावी. ओलसर मिश्रण मुठीत दाबले की लाडू व्हावा आणि बोट लावताच फुटावा. फुटला नाही तर वाळू कमी आहे. शेणखत अर्धे कच्चे असेल तर मुळे भाजतात आणि हुमणीची अळीही सोबत येते.

तळाच्या भोकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवला की पुरे. वीतभर खडी घालण्याची सवय सोडावी. निचरा त्याने सुधारत नाही, मुळांची जागा मात्र कमी होते.

कुंडी आणि जागा

मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी उडते, त्यामुळे मुळे गार राहतात. पाणी मात्र जास्त लागते. काळी प्लॅस्टिकची कुंडी दुपारी हात लावू देत नाही. ती वापरायचीच तर बाहेरून पांढरा रंग द्यावा किंवा ओले गोणपाट गुंडाळावे. तुळशीला आठ-दहा इंच, मोगरा व गुलाबाला बारा, कढीपत्ता व लिंबाला अठरा इंचांची कुंडी हवी.

भिजलेली बारा इंची कुंडी वीस किलोंच्या घरात जाते. गच्चीवर कुंड्या भिंतीच्या किंवा तुळईच्या वर रांगेत ठेवाव्यात, खाली विटा द्याव्यात. तापलेल्या स्लॅबला कुंडीचा तळ टेकला की मुळे शिजतात. धाब्याच्या घरावर कुंड्या ठेवूच नयेत. रोज झिरपणारे पाणी छताची माती ढिली करते आणि खालचे लाकूड कुजवते.

उन्हाळा आणि पाणी

होळी झाली की तयारी सुरू करावी: ५० टक्के सावलीची शेडनेट, कुंड्या एकमेकींना खेटून आणि मातीवर दोन इंच पाचट, वाळकी केळीची पाने किंवा शेंगांची टरफले. पाणी सकाळी सातच्या आत आणि गरज असेल तर दिवस मावळल्यावर द्यावे. दुपारी गच्चीवरच्या पाइपात साचलेले पाणी चटका देण्याइतके तापलेले असते. ते आधी बादलीत सोडून द्यावे. दुपारी पान मलूल दिसले म्हणून लगेच पाणी ओतू नये. बोट दोन इंच खाली घालावे. ओल लागली तर ते झाड उन्हाने मान टाकत आहे, संध्याकाळी आपोआप उभे राहते. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास कुंडी बदलणे, छाटणी आणि खत तिन्ही बंद. ही कामे मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर करावीत.

बोअरच्या पाण्यातले क्षार कुंडीच्या काठावर पांढरे पापुद्रे होऊन बसतात. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसल्या की झाडाला लोह मिळत नाही असे समजावे. पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी भरपूर ओतून माती धुवून काढावी, आणि लिटरला अर्धा ग्रॅम चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येणारे लोह) पानांवर फवारावे. गुलाब आणि जास्वंदीवर हा दोष लवकर दिसतो. बोगनवेल, सदाफुली, अडेनियम आणि कोरफड ऊन चांगले सोसतात; फर्न आणि अँथुरियमला इथला मे महिना पेलत नाही.

खत आणि हंगाम

शंभर ग्रॅम सरकीची ढेप एक लिटर पाण्यात चार दिवस भिजवावी, गाळून दहापट पाणी घालावे आणि दर पंधरा दिवसांनी कुंडीला पेलाभर द्यावे. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरमध्ये. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरअखेर कमी करून जानेवारीत छाटावा, मग खत-पाणी द्यावे, उन्हाळाभर फुलतो. तुळशीच्या मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात, बी धरले की झाड म्हातारे होते. हिवाळ्यात तुळशी मरतात त्या बहुधा थंडी आणि रोजच्या पूजेच्या तांब्याभर पाण्याने. त्या दिवसांत पळीभर पाणी पुरे.

भरताचे वांगे पंधरा इंची कुंडीत एकच लावावे. ऑगस्टमध्ये रोप टाकून पाच आठवड्यांनी लावले की थंडीत फळे येतात. शेंडा अचानक सुकला तर आत अळी आहे; सुकलेला भाग दोन इंच खालून कापून जाळावा.

कीड

जास्वंद आणि भेंडी कापसाच्याच कुळातली. कापूस उपटला की शेतातले तुडतुडे, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण आसरा शोधत घराकडे वळतात. फांदीच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर पिठ्या ढेकूण आलाच. पाण्याच्या जोरदार धारेने तो धुवावा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा भांड्यांचा साबण मिसळून, ऊन उतरल्यावर, आठ दिवसांच्या अंतराने तीनदा फवारावे. मुंग्यांचाही बंदोबस्त करावा, कारण त्या किडीला एका फांदीवरून दुसरीवर नेतात. जळणासाठी रचलेली पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) कुंड्यांपासून लांब ठेवावी. तिच्या सालीखाली ही कीड उन्हाळाभर तग धरते.