नाशिकचा म्हणावा असा गुलाब

दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीकडच्या पॉलिहाऊसमध्ये तोडणी चालू असताना कानावर पडणारी नावं 'टॉप सीक्रेट', 'गोल्ड स्ट्राइक', 'अव्हलांश' अशी असतात. उघड्या शेतातला गुलाब विचाराल तर 'ग्लॅडिएटर'. यांतली बहुतेक वाणं परदेशी पैदासकारांनी त्यांच्या हवेत, त्यांच्या बाजारासाठी निवडलेली आहेत. मोगल काळात ज्या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, तिथल्या उन्हापावसात पारखून निवडलेला गुलाबही इथे लागायला हवा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागतेच असं नाही. चिमटा, कागदाच्या पिशव्या, वही आणि फ्रिजचा एक कप्पा एवढ्यावर सुरुवात होते. कस लागतो तो पुढे, निवड करताना आणि निवडलेलं झाड खरोखरच नवं आहे हे दाखवताना.

नर्सरीतून आपण आणतो ते रोप डोळा भरून केलेलं असतं. जंगली गुलाबाच्या खुंटावर चीर देऊन हव्या त्या वाणाचा डोळा बसवायचा, तो फुटला की वरचा खुंट छाटून टाकायचा. त्यामुळे जगभरातली 'पीस' या गुलाबाची सगळी झाडं म्हणजे एकाच रोपाचा विस्तार आहे. बी लावलं तर 'पीस' उगवत नाही, प्रत्येक बियाचं रोप वेगळं निघतं. नवं वाण हवं असेल तर बियाण्याकडेच जावं लागतं ते यामुळेच.

ही रोपं इतकी वेगळी का निघतात? गुलाबाच्या गुणसूत्रांचा मूळ संच ७ चा. चिनी गुलाबात असे दोन संच, म्हणजे १४ गुणसूत्रं. बागेतल्या बहुतेक आधुनिक गुलाबांत मात्र चार संच, म्हणजे २८. याचा परिणाम आकड्यांतच पाहण्यासारखा आहे. एखादा दबून राहणारा गुण घ्या, जो जनुकाच्या सगळ्या प्रती तशाच असतील तरच दिसतो. दोन संचांच्या झाडात त्या जनुकाची एक प्रत तशी असेल, तर स्वपरागीभवनातून चारांतल्या एका रोपात तो गुण उघड होतो. चार संचांच्या झाडात चारपैकी दोन प्रती तशा असल्या, तर हेच प्रमाण छत्तिसात एक होतं. आणि हे झालं एका गुणाचं. रंग, वास, रोगप्रतिकार, दांड्याची लांबी आणि वारंवार फुलणं हे सगळं एकाच झाडात हवं असेल, तर शेकड्यांनी नव्हे, हजारांनी रोपं पाहावी लागतात. मोठे पैदासकार एवढ्या रोपांतून मोजकीच का ठेवतात, ते यावरून समजतं.

वारंवार फुलण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे चिनी गुलाब पोहोचले आणि त्यांच्याकडून बारमाही फुलण्याचा गुण आला. १८६७ साली फ्रान्समध्ये आलेला 'ला फ्रान्स' हा पहिला हायब्रिड टी, म्हणजे आधुनिक गुलाबांच्या एका प्रमुख गटातला पहिला, मानला जातो, तो याच मिश्रणातला. हा गुण नेमका कुठून येतो हे २०१२ मध्ये जपान आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं. गुलाबात फुलण्याला ब्रेक लावणारं एक जनुक असतं. चिनी गुलाबात त्या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक भटका तुकडा घुसून बसला आणि ब्रेक निकामी झाला. पण ब्रेकची एक जरी चांगली प्रत आली, तरी झाड पुन्हा वर्षातून एकदाच फुलणारं होतं.

आपल्या देशी गुलाबांचा वापर करायला निघालं की हीच अडचण आडवी येते. भारतात रोझा क्लिनोफिला नावाचा पाणथळ जागी वाढणारा पांढरा गुलाब आहे. मणिपूरच्या डोंगरात रोझा जायगॅन्टिया हा मोठ्या फुलांचा वेल-गुलाब आहे. उष्ण, दमट हवेत टिकण्याच्या दृष्टीने दोघंही मोलाचे. पण दोघंही दोन संचांचे आणि एकदाच फुलणारे. त्यांचा संकर चार संचांच्या आधुनिक गुलाबाशी केला, तर पहिल्या पिढीत तीन संच येतात आणि ही रोपं बहुधा वांझ निघतात. थोडंफार पराग लागू पडलं तरी बारमाही फुलणं परत मिळवायला आणखी पिढ्या जातात. कोडाईकनालचे एम. एस. विराराघवन आणि गिरिजा विराराघवन यांनी याच दोन देशी जातींवर चिकाटीने काम करून उष्ण हवेचे गुलाब तयार केले आहेत. माझ्या मते भारतीय गुलाबाच्या पैदाशीतलं हे फार महत्त्वाचं काम आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पावसाळा सरला की नाशकात ऑक्टोबरची छाटणी सुरू होते, द्राक्षाची आणि गुलाबाचीही. छाटणीनंतर सहा-सात आठवड्यांत गुलाबाला फुलं येतात, म्हणजे संकरासाठी डिसेंबर-जानेवारीची कोरडी, गार हवा मिळते. आई म्हणून निवडलेल्या झाडावरची अर्धवट उमललेली कळी घ्यायची. पूर्ण उमललेलं फूल चालत नाही, कारण तोवर त्याचे परागकोश फुटून स्वतःचंच पराग पडून गेलेलं असतं. पाकळ्या बुडापासून एकेक करून ओढून काढल्या की पिवळ्या पुंकेसरांचं कडं उघडं पडतं. ते चिमट्याने चहूबाजूंनी खुडायचं, एकही परागकोश मागे राहू द्यायचा नाही. मध्ये उरतो तो स्त्रीकेसरांचा बारीक झुबका. त्यावर कागदाची पिशवी बांधायची. बापाच्या फुलातून काढलेले परागकोश सावलीत, कोऱ्या कागदावर ठेवले की दुसऱ्या दिवसापर्यंत ते फुटतात आणि कागदावर पिवळी धूळ पडते. एक-दोन दिवसांत आईच्या फुलातल्या कुक्षींची टोकं ओलसर, चिकट चकाकायला लागतात, तीच वेळ. कोरड्या कुंचल्याने किंवा बोटाच्या टोकाने ही धूळ तिथे लावायची, पिशवी परत बांधायची आणि देठाला लेबल अडकवायचं. लेबलावर आईचं नाव आधी, मग गुणिले चिन्ह, मग बापाचं नाव आणि तारीख.

लेबल हलक्यात घेऊ नये. 'पीस' हा गुलाब बाजारात येण्याआधी फ्रान्सिस मेलाँ यांच्या वहीत '३-३५-४०' असा नोंदलेला होता. तिसरा संकर, साल १९३५, रोप चाळिसावं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्याचे डोळे फ्रान्सबाहेर गेले आणि १९४५ मध्ये अमेरिकेत त्याला 'पीस' हे नाव मिळालं.

संकर लागला तर फुलाखालचा हिरवा फुगवटा भरत जातो, नाही लागला तर पिवळा पडून गळतो. फळ पिकायला तीन-चार महिने लागतात, म्हणजे हिवाळ्यात केलेल्या संकराची फळं उन्हाळ्याच्या तोंडावर नारिंगी होतात. फळ चिरलं की आत पांढऱ्या, खाजऱ्या केसांत रुतलेलं कडक कवचाचं बी मिळतं. ते तसंच पेरलं तर बहुधा उगवत नाही. थंड प्रदेशांतून आलेल्या या वंशाच्या बियाला हिवाळा सरल्याची खूण लागते, तोवर ते झोपून राहतं. म्हणून धुतलेलं बी ओलसर टिश्यू पेपरात किंवा कोकोपीटमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये साधारण ४ अंश सेल्सिअसला सहा ते दहा आठवडे ठेवायचं. फ्रीजरमध्ये मात्र नको. इतकं करूनही बरंच बी उगवत नाही आणि काही तर पुढच्या वर्षी उगवतं, म्हणून ट्रे लगेच रिकामा करू नये.

बारमाही गुलाबाचं रोप उगवल्यावर दोनेक महिन्यांत, वीतभर उंचीचं असतानाच पहिली कळी देतं. तो दिवस फार आनंदाचा असतो. पण या फुलावर निकाल देऊ नये. रंगाचा अंदाज येतो, पाकळ्या मात्र झाड मोठं झाल्यावर वाढतात. खरी परीक्षा पुढचे काही हंगाम चालते आणि त्यात औषधाचा पंप बाजूला ठेवावा लागतो. फवारणी केलेल्या वाफ्यात सगळीच झाडं निरोगी दिसतात, कोणतं झाड स्वतःच्या बळावर तग धरतं ते कळत नाही. नाशकात हिवाळ्यात भुरी, म्हणजे पानांवर पांढरट भुकटीसारखी बुरशी, येते, पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके. द्राक्ष बागायतदारांना भुरी आणि डाउनी हे शब्द पाठ आहेत, पण द्राक्षाच्या भुरीची बुरशी वेगळी आणि गुलाबाच्या भुरीची वेगळी. एकीची लागण दुसऱ्याला होत नाही. शेजारी बाग आहे म्हणून गुलाबाला भुरी येते, हा समज चुकीचा आहे.

काळ्या ठिपक्यांचा इतिहास तर निवड करणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. १९०० साली फ्रान्समध्ये पेर्ने-ड्युशे यांनी 'सोलेय दोर' हा गुलाब आणला आणि त्यातून आधुनिक गुलाबांत झगझगीत पिवळा रंग शिरला. तो रंग ज्या पश्चिम आशियाई जातीकडून आला, तिच्याकडूनच काळ्या ठिपक्यांना बळी पडण्याचा दोषही पिढ्यान्‌पिढ्या उतरला.

वासाचंही असंच. पॉलिहाऊसच्या गुलाबाला वास का नाही, असं लोक नेहमी विचारतात. गुलाबाच्या वासात जेरॅनिओल या द्रव्याचा मोठा वाटा असतो आणि ते पाकळीत बनवायला कोणतं विकर (एन्झाइम) कामाला येतं हे २०१५ मध्ये उजेडात आलं. बिनवासाच्या वाणांत ते बनवणारं जनुक जवळजवळ गप्प असतं. दांडा, काढणीनंतरचा टिकाऊपणा आणि उत्पन्न यांवरच निवड करत गेलं, तर वास कधी गळाला हे लक्षातही येत नाही. आपल्या दारातल्या बागेसाठी गुलाब निवडणाऱ्याने पहिल्या फुलापासून नाकाचा उपयोग करावा, असं माझं ठाम मत आहे.

संकराशिवायही नवं वाण मिळू शकतं. 'तास-ए-गणेश' आणि 'सोनाका' ही द्राक्षाची वाणं थॉम्पसन सीडलेस या द्राक्षाच्या डोळ्यातल्या बदलातून आली हे नाशिकच्या बागायतदारांना ठाऊक आहे. गुलाबातही एखादी फांदी अचानक वेगळ्या रंगाचं फूल देते. 'शिकागो पीस' असाच 'पीस'च्या फांदीवर सापडला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तर किरणांचा मारा करून 'किस ऑफ फायर'मधून पट्टेरी 'अभिसारिका' मिळवला गेला. त्याच संस्थेशी आयुष्य जोडलेले डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे नामांकित शास्त्रज्ञ आणि तितकेच निष्ठावान गुलाब पैदासकार. 'दिल्ली प्रिन्सेस' त्यांचाच.

समजा एक झाड मनासारखं मिळालं. त्याचे डोळे खुंटांवर भरून काही झाडं तयार करायची, कारण पुढचं सगळं वर्णन एका झाडाचं नसतं, वाणाचं असतं. 'सुंदर गुलाबी, मंद सुवासिक' हे वर्णन जाहिरातीला ठीक आहे, पण त्यावरून ते झाड हजारो गुलाबी वाणांतून ओळखता येत नाही. रंगासाठी इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा रंगतक्ता वापरतात. त्यात ९०० हून अधिक छटा आहेत आणि प्रत्येक छटेच्या मधोमध एक भोक असतं. पाकळी त्या भोकाखाली धरून सावलीतल्या दिवसाच्या उजेडात रंग जुळवायचा, ट्यूबलाइटखाली नाही. पाकळीची आतली बाजू, बाहेरची बाजू आणि बुडाशी असलेला ठिपका यांची नोंद वेगवेगळी. १७ ते २५ पाकळ्या असतील तर फूल दुहेरी, २६ ते ४० असतील तर भरगच्च. कोवळ्या फुटीवरची तांबूस झाक, पानाची चकाकी, काट्यांची संख्या आणि आकार, हेही लिहायचं. गुलाबाचा काटा सालीवरून उगवतो आणि अंगठ्याने आडवा दाबला की सहज मोडतो. बाभळीचा काटा असा मोडत नाही, कारण तो आतल्या लाकडाशी जोडलेला असतो.

आणि हे सगळं एकाच ऋतूत करून भागत नाही. थंडीत तांबडी रंगद्रव्यं जास्त बनतात, त्यामुळे जानेवारीत गडद दिसणारं फूल मे महिन्यात फिकं आणि लहान येतं. नाशिकच्या वाणाचं वर्णन करताना दोन्ही महिन्यांची फुलं मोजली पाहिजेत. उन्हाळ्यातलं फूल लपवून लिहिलेलं वर्णन घेणाऱ्याची फसवणूक करतं.

जगभरातल्या गुलाबांच्या नावांची नोंद अमेरिकन रोझ सोसायटी ठेवते. पैदासकाराच्या हक्काचा विषय वेगळा आहे. भारतात त्यासाठी २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. वाण इतरांहून वेगळं, सगळ्या झाडांत सारखं आणि पुढच्या लागवडीतही तसंच राहणारं हवं, या तीन कसोट्या चाचणीत पाहतात. ती करताना सगळ्यांत जवळच्या ज्ञात वाणांशी शेजारी लावून तुलना होते. अर्जाच्या आधी एक वर्षाहून जास्त काळ ते वाण भारतात विकलं गेलेलं नसावं. त्यामुळे रोप आवडलं म्हणून घाईने नर्सरीत विकायला ठेवणाऱ्याचा नव्या वाणावरचा हक्क हातून जाऊ शकतो. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाच्या नोंदणीसाठी शुल्क भरावं लागत नाही.

नावालाही नियम आहेत. नुसते आकडे नाव म्हणून चालत नाहीत, फसवं किंवा धार्मिक भावना दुखावणारं नाव चालत नाही. गावाचं नाव असलेलं वाणाचं नावही सरसकट मंजूर होत नाही. त्या वाणासाठी ते नाव प्रामाणिकपणे वापरलं जातंय, अशी निबंधकाची खात्री पटली तरच ते मिळतं. म्हणजे नावात 'नाशिक' हवं असेल, तर संकराच्या पहिल्या लेबलापासूनची वही सांभाळून ठेवलेली बरी.