खाचरातला मिथेन मोजायचा तर

मावळ-मुळशीतल्या भातखाचरातून ऑगस्टमध्ये चिखलाचा उभा काप काढला की त्यात दोन रंग दिसतात. वरचे काही मिलिमीटर तांबूस, खालचं सगळं काळपट राखाडी. वरच्या थरात पाण्यातून थोडाफार ऑक्सिजन उतरतो, म्हणून तिथलं लोह गंजलेलं असतं. खाली ऑक्सिजनचा पत्ता नसतो. मिथेन तयार होतो खालच्या थरात, आणि वरच्या थरातले मिथेनभक्षी जिवाणू त्यातला बराचसा हवेत जाण्याआधीच फस्त करतात. त्यामुळे गाळात मिथेन किती आहे यावरून तो हवेत किती जातो हे सांगता येत नाही. दोन्ही हिशेब वेगळे.

पाणी साचल्याबरोबर मिथेन बनू लागत नाही. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो, त्यामुळे चिखलातला साठा दिवसा-दोन दिवसांत संपतो. मग जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात, पुढे मँगॅनीज, लोह आणि शेवटी सल्फेट, कारण या प्रत्येकातून मिथेनच्या वाटेपेक्षा जास्त ऊर्जा मिळते. हे सगळं सरलं की आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळे सूक्ष्मजीव) गटातल्या मिथेनजनकांची पाळी येते. ॲसिटेट फोडून, किंवा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून, ते मिथेन बनवतात. ठाण्याच्या खाडीत समुद्राचं पाणी सल्फेट पुरवत राहतं, म्हणून तिथे ही पाळी लांबते. पाषाण तलावासारख्या गोड्या पाण्यात, जलपर्णी कुजत असेल आणि सांडपाणी मिसळत असेल तर, ती लवकर येते.

बाहेर पडायच्या वाटा तीन. पाण्यात विरघळून हळूहळू वर सरकणं ही सर्वांत संथ, आणि मिथेनभक्ष्यांचा सगळ्यात मोठा हात पडतो तोही इथेच. बुडबुडा मात्र काही सेकंदांत पृष्ठभागावर येतो, त्याला खायला कुणाला सवड मिळत नाही. भिगवणला उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरतं तेव्हा गाळावरचा दाबही उतरतो (१० मीटर पाणी म्हणजे साधारण एक वातावरणाइतका दाब) आणि अडकलेले बुडबुडे सुटतात. तिसरी वाट वनस्पतींची. भात, पाणकणीस यांच्या खोडात मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्या असतात. त्यांतूनच मिथेन धुराड्यातून निघावा तसा वर येतो. भात जोमात असताना खाचरातला बहुतेक मिथेन याच वाटेने निघतो. उलटा प्रवाहही असतो, फक्त फार लहान: हवेत दर १० लाख भागांत मिथेनचे सुमारे १.९ भाग आहेत, आणि माळरानाची कोरडी माती त्यातला थोडा शोषून घेते.

मोजायचं परवडणारं साधन म्हणजे बंद पेटी. ॲल्युमिनियमची चौकट चिखलात सुमारे १० सेंमी खोल रोवायची, तीही निदान आदल्या दिवशी, म्हणजे रोवताना सुटलेला वायू मोजणीत येत नाही. चौकटीच्या वरच्या कडेला पन्हळ, पन्हळीत पाणी, आणि त्यात ॲक्रिलिकची पेटी बसवायची. पाण्यामुळे सांधा हवाबंद होतो. पन्हळ दुपारच्या उन्हात आटली की पेटी गळते आणि आकडे कारण नसताना कमी येतात. पेटी रोपांपेक्षा उंच हवी. आत बॅटरीवरचा छोटा पंखा, थर्मामीटर आणि सिरिंजसाठी रबरी बूच. ०, १०, २० आणि ३० मिनिटांनी नमुना घेऊन निर्वात केलेल्या काचेच्या कुपीत थोड्या जास्त दाबाने भरायचा. दाब कमी राहिला तर बाहेरची हवा आत शिरते.

सर्वांत जास्त घोळ पायांनी होतो. चौकटीशेजारी चिखलात पाऊल पडलं की बुडबुडे सुटतात आणि पहिल्याच नमुन्याचा आकडा चढतो. त्यासाठी बांधापासून आधीच फळी टाकून ठेवावी लागते. चार बिंदू सरळ रेषेत आले तर ठीक. मधेच उडी दिसली तर ती पावलामुळे की नैसर्गिक बुडबुड्यामुळे, हे पाहिल्याशिवाय नमुना बाद करू नये. बुडबुडेही उत्सर्जनच आहेत. सरळ रेषेच्या हट्टापायी ते वगळले तर पाणथळ जागा आहे त्यापेक्षा सोज्वळ दिसते.

आकडेमोड अशी. पेटीची पाण्यावरची उंची ५० सेंमी आणि अर्ध्या तासात मिथेन दर १० लाखांत २ भागांवरून ५ वर गेला, म्हणजे ताशी ६ भाग. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअसवर १ घनमीटर मिथेन सुमारे ०.६५६ किलो भरतो. त्या हिशेबाने चौरस मीटरमागे ताशी १.९७ मिलिग्रॅम. पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब ६ टक्क्यांच्या आसपास कमी असतो, आणि खरा आकडा १.८५च्या जवळ येतो. तयार सूत्र जसंच्या तसं उचललं की ही चूक प्रत्येक नोंदीत कायमची बसते.

खाचरातलं उत्सर्जन कमी करायचं तर सर्वांत सोपा उपाय तणसाच्या वेळेचा. तणस लावणीच्या तोंडावर चिखलात गाडलं तर मिथेनजनकांना ताजं खाद्य मिळतं. महिन्याहून अधिक आधी गाडलं तर त्याचा बराच भाग हवेशीर मातीत कुजून जातो, आणि आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या) २०१९च्या सुधारित गुणकांनुसार त्यामुळे वाढणारा मिथेन बराच घटतो. दुसरा उपाय खाचर आलटूनपालटून सुकवण्याचा. भोकं पाडलेली ३० सेंमीची पीव्हीसी नळी अर्धी जमिनीत रोवायची. आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंमीवर गेलं की पुन्हा ५ सेंमी पाणी चढवायचं. फुलोऱ्यात मात्र खाचर सुकू द्यायचं नाही. मावळात जुलैच्या झडीत हे जमणार नाही, पाऊस ओसरल्यावरच त्याचा विचार करावा. पाणी काढताना साठलेला मिथेन एकदम बाहेर येतो. ते दिवस मोजणीतून सुटले तर बचत फुगलेली दिसते. शिवाय सुकण्या-भिजण्यात नायट्रस ऑक्साइड वाढतो, आणि १०० वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. तोही त्याच कुपीतून मोजता येतो, फक्त गॅस क्रोमॅटोग्राफला (नमुन्यातले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला) मिथेनच्या ज्वाला-शोधकासोबत इलेक्ट्रॉन पकडणारा दुसरा शोधक जोडावा लागतो.